बारीक अक्षरांतला इशारा : खेळता खेळता मुलाला फिट आली, तर जबाबदार कोण?

मंगळवार, १६ डिसेंबर १९९७. जपानमध्ये संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. शाळेतून आलेली लाखो मुले टी. व्ही.समोर बसली होती. 'टी. व्ही. टोकियो' या वाहिनीवर त्यांची लाडकी कार्टून मालिका 'पोकेमॉन' सुरू झाली. वीस मिनिटे सगळे नेहमीसारखे चालले. मग गोष्टीत एक स्फोट झाला आणि पडद्यावर जेमतेम पाच सेकंद लाल आणि निळा प्रकाश आळीपाळीने लखलखला. एका सेकंदात साधारण बारा वेळा.

त्या पाच सेकंदांत जे घडले त्याने सारा जपान हादरला. कुणाला उलटी झाली, कुणाचे डोके भणभणू लागले, कुणाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. अनेक मुलांचे हातपाय ताठ झाले आणि त्यांना फिट आली. ६८५ मुलांना रुग्णवाहिकेतून दवाखान्यात न्यावे लागले. त्यांपैकी दीडशेहून अधिक मुलांना दाखल करून घ्यावे लागले. त्याच रात्री बातम्यांमध्ये काही वाहिन्यांनी तेच दृश्य पुन्हा दाखवले आणि आणखी मुले आजारी पडली.

वाचक बंधू-भगिनींनो, या घटनेतली सर्वात विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्या मुलांना त्या दिवशी फिट आली, त्यांतल्या बहुतेकांना त्याआधी आयुष्यात कधीही फिट आलेली नव्हती. म्हणजे आपल्या मुलाला असा धोका आहे हे त्यांच्या आईबापांना ठाऊकच नव्हते. ठाऊक असण्याचा मार्गही नव्हता.

मग जबाबदारी कोणाची? चित्र काढणाऱ्याची, दाखवणाऱ्याची, टी. व्ही. विकणाऱ्याची, की मुलाला टी. व्ही.पुढे बसवणाऱ्या आईची?

हा प्रश्न आता आपल्या घरातही आला आहे. आज आपल्या वस्त्यांमध्ये मुलांच्या हातात मोबाईल आहे, कुठे टी. व्ही.ला जोडायची गेमची पेटी आहे. कितीतरी गेम सुरू होताना इंग्रजीत चार ओळी येतात. मुलगा त्या न वाचता बटण दाबतो आणि खेळू लागतो. त्या चार ओळींत नेमके काय लिहिलेले असते आणि त्या कोणाच्या बचावासाठी लिहिलेल्या असतात, हे आपण आज समजून घेऊ.

हा आजार आहे तरी काय?

आपल्या मेंदूतल्या पेशी अगदी सूक्ष्म विजेच्या साहाय्याने एकमेकींशी बोलतात. हे बोलणे एका लयीत चालते. काही कारणाने खूप पेशी एकदम, एकाच वेळी उसळल्या की माणसाला फिट येते. अशा फिट पुन्हा पुन्हा येऊ लागल्या की त्याला अपस्मार म्हणतात. गावाकडे फेफरे किंवा मिरगी म्हणतात तो हाच आजार.

काही थोड्या लोकांच्या मेंदूला लखलखणारा प्रकाश सोसत नाही. त्याला डॉक्टर 'प्रकाशसंवेदी अपस्मार' म्हणतात. हा धोका साधारण चार हजार माणसांत एकाला असतो. अपस्माराच्या शंभर रुग्णांमध्ये असे सुमारे तीन सापडतात. परंतु ७ ते १९ या वयात हे प्रमाण मोठ्या माणसांपेक्षा सुमारे पाचपट आढळते आणि मुलांपेक्षा मुलींमध्ये ते अधिक असते. म्हणजे ज्या वयात गेमचे वेड लागते, नेमक्या त्याच वयात धोकाही जास्त.

प्रकाश एका सेकंदात ३ ते ३० वेळा चमकला तर धोका असतो. १५ ते २० वेळा चमकला तर सर्वाधिक. गडद लाल रंग अधिक घातक. नुसते चमकणेच नव्हे, तर पडदाभर पसरलेले काळे-पांढरे पट्टेही काहींना त्रास देतात. खोलीत अंधार, पडदा डोळ्यांजवळ, रात्रीचे जागरण आणि पोटात अन्न नाही, असे सगळे जुळून आले की धोका वाढतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्हिडिओ गेम खेळल्याने धडधाकट मुलाला अपस्मार 'जडतो' असे नाही. मेंदूत ती संवेदनशीलता आधीच असते, प्रकाश तिला डिवचतो. तेव्हा प्रत्येक खेळणाऱ्या पोराच्या आईने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण चार हजारांत एक हा आकडा लहान वाटला तरी खेळणारी मुले कोट्यवधी आहेत, हेही विसरता येणार नाही.

इशाऱ्याच्या कागदाचा जन्म

व्हिडिओ गेममुळे फिट आल्याची नोंद नवी नाही. १९८१ सालीच 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 'स्पेस इन्व्हेडर्स' या गेमशी जोडलेल्या अपस्माराची नोंद प्रसिद्ध झाली होती. पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या गेमबद्दलही अशाच नोंदी येत गेल्या. म्हणजे डॉक्टरांना ठाऊक होते. विकत घेणाऱ्या घरांना मात्र कोणी सांगितले नाही.

जानेवारी १९९३ मध्ये ब्रिटनमधल्या एका खपाच्या दैनिकाने गेम खेळताना फिट येऊन मरण पावलेल्या एका मुलाची बातमी पहिल्या पानावर छापली आणि देशभर खळबळ उडाली. तिथल्या सरकारच्या व्यापार व उद्योग खात्याने वैद्यकीय पाहणी करवून घेतली. १९९० नंतरच्या त्या पहिल्या काही वर्षांतच निन्टेंडो, सेगा अशा बड्या कंपन्यांनी गेमसोबतच्या पुस्तिकेत इशारा छापायला सुरुवात केली. त्याचा मतलब असा : काही लोकांना चमकत्या प्रकाशाने फिट येऊ शकते, पूर्वी कधी आली नसली तरी येऊ शकते, पालकांनी लक्ष ठेवावे, लक्षणे दिसताच खेळ थांबवून डॉक्टरांना भेटावे.

मजकूर चांगला आहे, उपयोगाचाही आहे. पण तो बारकाईने वाचला तर त्यात एक गोम सापडते. 'पूर्वी कधी आली नसली तरी येऊ शकते' असे कंपनी स्वतःच सांगते आणि त्याच दमात 'पालकांनी लक्ष ठेवावे' असेही सांगते. ज्याची पूर्वसूचना नाही त्याच्यावर लक्ष कसे ठेवायचे? फिट आल्यावरच आईला कळणार. मग तो कागद मुलाला वाचवतो, की कंपनीला?

एकाने चित्र बदलले, दुसऱ्याने कागद जोडला

या प्रश्नावर जगात दोन वाटा निघाल्या. टी. व्ही.ने एक धरली, व्हिडिओ गेमने दुसरी.

ब्रिटनमध्ये १९९३ सालीच एका जाहिरातीतल्या चमकत्या चित्रांमुळे तीन जणांना फिट आली. तिथल्या टी. व्ही. नियंत्रण संस्थेने 'आधी इशारा द्या, मग हवे ते दाखवा' असे म्हटले नाही. तिने चित्रावरच बंधन घातले. एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा प्रकाश चमकवायचा नाही. त्याहून वेगाने चमकवायचाच असेल तर तो पडद्याच्या चौथाईपेक्षा कमी भागात हवा. तेव्हापासून तिथे कार्यक्रम प्रसारित होण्याआधी यंत्राने तपासला जातो. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठातले प्राध्यापक ग्रॅहॅम हार्डिंग यांच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते.

जपाननेही १९९७ च्या धक्क्यानंतर तेच केले. वाहिनीने माफी मागितली, पोलिसांनी मालिका करणाऱ्यांकडे चौकशी केली, मालिका चार महिने बंद राहिली आणि तो भाग पुन्हा कधीच दाखवला गेला नाही. एप्रिल १९९८ मध्ये सरकारी आणि खासगी प्रसारकांनी मिळून नियम केले. लाल प्रकाश सेकंदाला तीन वेळांपेक्षा जास्त चमकवायचा नाही. इतर रंगांचा पाच वेळांपेक्षा जास्त नाही. असे चमकणे दोन सेकंदांहून अधिक चालवायचे नाही. शिवाय कार्टून सुरू होताना 'खोलीत उजेड ठेवा, पडद्यापासून दूर बसा' अशी साध्या भाषेतली सूचनाही येऊ लागली. मुलालाही वाचता येईल अशी, मोठ्या अक्षरांत.

व्हिडिओ गेमच्या धंद्याने मात्र बराच काळ कागदावरच काम भागवले. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये दहा वर्षांच्या एका मुलाला गेम खेळताना फिट आली. त्याच्या आईने गप्प न बसता आवाज उठवला, तिच्या भागातल्या खासदाराने तो प्रश्न संसदेत नेला. तेव्हा यूबिसॉफ्ट या कंपनीने आपल्या घरात तयार होणारे सर्व गेम यापुढे तपासून घेऊ असे जाहीर केले.

डिसेंबर २०२० मधले उदाहरण तर अगदी ताजे म्हणावे असे आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा 'सायबरपंक २०७७' हा गेम बाजारात यायचा होता. तो आधी खेळून पाहणाऱ्या एका महिला पत्रकाराला खेळतानाच जोराची फिट आली. गेममधल्या एका दृश्यात डोक्याला लावायचे यंत्र दाखवले होते आणि त्यातले लाल-पांढरे दिवे भराभर चमकत होते. डॉक्टर तपासणीसाठी मुद्दाम जसा प्रकाश डोळ्यांपुढे चमकवतात, तसाच तो प्रकार असल्याचे तिने लिहिले. कंपनी म्हणाली, इशारा करारनाम्यात दिलेला आहे. करारनामा म्हणजे तोच, जो पानेच्या पाने असतो आणि ज्याच्या तळाशी 'मान्य' असे बटण असते! लोकांनी टीका करताच काही दिवसांत कंपनीने गेमच्या सुरुवातीलाच ठळक इशारा दिला आणि त्या दृश्यातले चमकणेही सौम्य केले.

हे काही दिवसांत जमले, म्हणजे आधीही जमले असते. चित्र बदलता येत होते. ते बदलण्याची गरज कंपनीला वाटली नव्हती, एवढेच.

बाटलीतली गोगलगाय

आता कायद्याकडे वळू. वस्तू बनवणारा कुठे दूर, विकणारा वेगळा आणि वापरणारा तिसराच. अशा वेळी दोष कोणाचा, याचा पाया ज्या खटल्याने घातला त्याची हकीकत कष्टकरी माणसाने जरूर माहीत करून घ्यावी.

१९२८ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या पेझली या गावी मे डोनोह्यू नावाची एक गरीब बाई उपाहारगृहात गेली होती. सोबतच्या ओळखीच्या व्यक्तीने तिच्यासाठी जिंजर बिअर नावाचे पेय मागवले. बाटली गडद काचेची होती, आतले दिसत नव्हते. अर्धे पेय पिऊन झाल्यावर उरलेले ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असे तिचे म्हणणे होते. बाई आजारी पडली.

तिने दावा लावला. पण कोणावर? पेय तिने विकत घेतलेच नव्हते, पैसे दुसऱ्याने दिले होते. दुकानदाराशी तिचा व्यवहार नव्हता आणि कारखानदाराशी तर मुळीच नव्हता. 'आमचा तुमच्याशी करारच नाही' हा कारखानदाराचा बचाव होता. बाईजवळ कोर्टखर्चालाही पैसे नव्हते. निर्धन म्हणून दावा चालवण्याची परवानगी घेऊन ती ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेली. मे १९३२ मध्ये पाचपैकी तीन न्यायाधीशांनी तिच्या बाजूने निर्णय दिला. तत्त्व असे ठरले : जी वस्तू वापरणाऱ्याच्या हातात पोहोचेपर्यंत मध्ये कोणी तपासू शकत नाही, तिच्याबाबत काळजी घेण्याचे कर्तव्य बनवणाऱ्याचे आहे, मग वापरणाऱ्याने त्याच्याशी करार केलेला असो वा नसो.

व्हिडिओ गेम हीसुद्धा गडद काचेची बाटलीच आहे. पुढच्या टप्प्यात कोणता प्रकाश किती वेगाने चमकणार आहे, हे घेणाऱ्या बापाला दिसत नाही आणि विकणाऱ्या दुकानदारालाही दिसत नाही. ते फक्त बनवणाऱ्याला ठाऊक असते.

म्हणूनच परदेशातल्या कायद्यात बनवणाऱ्याची दोन कर्तव्ये मानली जातात. पहिले, वस्तूची रचनाच सुरक्षित करणे. दुसरे, जो धोका रचनेतून काढताच येत नाही त्याचा स्पष्ट इशारा देणे. अमेरिकेतल्या नामवंत कायदेतज्ज्ञांच्या 'अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट' या संस्थेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात म्हटले आहे की, इशारा हा सामान्यतः सुरक्षित रचनेला पर्याय होऊ शकत नाही. सोप्या भाषेत सांगायचे तर, खड्डा बुजवता येत असेल तर 'पुढे खड्डा आहे' अशी पाटी लावून सुटका होत नाही.

पण प्रत्यक्ष कोर्टात ही लढाई सोपी नसते, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २००१ मध्ये निन्टेंडो कंपनीविरुद्ध फिटच्या कारणावरून दावे लागले. अशा दाव्यांत कंपन्यांचे बचाव ठरलेले असतात. आम्ही इशारा दिला होता. आजार त्या माणसात आधीच होता. फिट याच दृश्यामुळे आली हे सिद्ध करा. यातला तिसरा मुद्दा फिर्यादीला सर्वात जड जातो. कारण फिट जागरणाने येते, तापाने येते, चुकलेल्या गोळीनेही येते.

युरोपने अलीकडे एक पाऊल पुढे टाकले आहे. २०२४ मध्ये युरोपीय संघाने सदोष उत्पादनांच्या जबाबदारीचा कायदा नव्याने केला आणि त्यात सॉफ्टवेअर हेसुद्धा 'उत्पादन' आहे असे स्पष्ट लिहिले. सदस्य देशांना आपापले कायदे त्याप्रमाणे करण्यासाठी डिसेंबर २०२६ पर्यंतची मुदत दिली गेली.

आपला कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. १९८६ च्या जुन्या कायद्यात नसलेले एक संपूर्ण प्रकरण त्यात आहे, उत्पादनाच्या जबाबदारीचे. कलम ८२ ते ८७. त्यातल्या कामाच्या गोष्टी अशा.

बनवणारा केव्हा जबाबदार? कलम ८४ सांगते : वस्तू बनवताना दोष राहिला असेल, रचनेतच दोष असेल, किंवा इजा होऊ नये म्हणून पुरेशा सूचना अथवा इशारा दिलेला नसेल, तर बनवणारा जबाबदार. इथे 'पुरेशा' हा शब्द महत्त्वाचा आहे. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या हातातल्या गेमवर इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेला इशारा पुरेसा आहे का, हा प्रश्न ग्राहक आयोगापुढे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

विकणारा केव्हा जबाबदार? बाजारात टी. व्ही.ला जोडायच्या बिननावाच्या पेट्या मिळतात. कारखान्याचे नाव नाही, पत्ता नाही, आत कागद नाही. अशा वेळी 'मी काय करू, माल वरून आला' असे म्हणून दुकानदाराला सुटता येत नाही. कलम ८६ नुसार, बनवणारा कोण हेच कळत नसेल, किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विकणारा जबाबदार धरता येतो. बनवणाऱ्याने दिलेला इशारा त्याने गिऱ्हाइकाला दिला नाही, तरीही.

गेम बापाने घेतला आणि खेळला मुलगा, मग तक्रार कोणाची? विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो. मूल अज्ञान असेल तर त्याच्या वतीने आई, वडील किंवा कायदेशीर पालक तक्रार करू शकतात.

मुलाने 'मान्य' बटण दाबले, त्याचे काय? अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करू शकत नाही, असे १८७२ चा करार कायदा सांगतो. अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल, असा निर्णय लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने बंगालमधल्या एका खटल्यात १९०३ साली दिला आणि तो आजही आधार मानला जातो. तेव्हा बारा वर्षांच्या पोराने दाबलेल्या बटणाचा 'तुम्ही कबूल केले होते' असा आधार कंपनीला सहज घेता येणार नाही.

कायद्याच्या मर्यादाही आहेत. वस्तूचा गैरवापर केला असेल किंवा तिच्यात फेरफार केला असेल तर कलम ८७ खाली कंपनी सुटू शकते. उत्पादनाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरचे नाव घेतलेले नाही, त्यामुळे नुसत्या मोबाईलवर उतरवलेल्या गेमबाबत 'ही वस्तूच नव्हे' असा वाद कंपनीचा वकील घालू शकतो. गेम फुकट असेल तर मोबदला दिल्याचे दाखवणे अवघड जाते. म्हणून गेममध्ये पैसे भरले असतील तर त्याची पावती किंवा संदेश पुसून टाकू नये.

तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे ती करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर माहिती मिळते. वकील हवाच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्न किती आहे हे न पाहता मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे.

मात्र आयोगापुढे रडून भागत नाही, कागद लागतो. खरेदीचे बिल, पेटी, सोबतची पुस्तिका, गेमचे नाव, फिट आली तो दिवस आणि वेळ, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मेंदूच्या आलेखाचा अहवाल. हा आलेख काढताना डोळ्यांपुढे दिवा चमकवून प्रकाशाचा परिणाम पाहिला जातो. 'मुलगा गेम खेळत असताना फिट आली' हे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगावे आणि केसपेपरवर लिहून घ्यावे.

आपली जबाबदारी कोणती?

कंपनीची जबाबदारी मोठी, म्हणून आपली संपली असे नाही. एकदा फिट येऊन गेल्यावर, डॉक्टरांनी सांगितल्यावरही मुलाला तोच गेम खेळू दिला, तर तो दोष आपला.

आणि याहून मोठा दोष आहे लपवण्याचा. आपल्याकडे पोराला फिट आली की आधी चप्पल हुंगवतात, कांदा हुंगवतात, हातात किल्ली कोंबतात. मग 'बाहेरचे काही झाले' म्हणून देवऋषीकडे, भगताकडे नेतात. अंगारा आणि गंडादोरा यांत पैसा जातो, त्याहून वाईट म्हणजे वेळ जातो. मुलगी असेल तर 'लग्न जमणार नाही' या भीतीने शेजारीसुद्धा कळू देत नाहीत. हा विशिष्ट आजार मुलींमध्येच अधिक आढळतो हे लक्षात घेतले, तर या लपवाछपवीची किंमत कोण मोजते ते कळेल. आपल्यालाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात एके काळी अपस्मार हा विवाहाला अडसर मानला होता. १९९९ साली संसदेने तो शब्दच काढून टाकला. कायद्याने जो कलंक पुसला तो आपण मनात का जपायचा? योग्य उपचार मिळाले तर अपस्माराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट पूर्ण थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

घरात पाळायच्या गोष्टी साध्या आहेत. खोलीत दिवा लावूनच टी. व्ही. किंवा मोबाईल पाहू द्यावा. टी. व्ही.पासून आठ-दहा फूट दूर बसवावे. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत याचा अर्थ भिंतीला पाठ टेकून बसणे, पण तेवढे तरी करावे. पडद्याचा उजेड कमी ठेवावा. तासातासाने खेळ थांबवावा. जागरण झालेल्या, आजारी, उपाशी मुलाला खेळू देऊ नये. खेळताना डोळे किंवा चेहरा फडफडू लागला, चक्कर आली, डोळ्यांपुढे विचित्र दिसू लागले, तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान दुसरीकडे वळवावी. नुसते दोन्ही डोळे मिटून उपयोग नाही, कारण पापणीतूनही प्रकाश आत जातो. हे मुलाला आधीच शिकवून ठेवावे.

फिट आलीच तर मुलाला कुशीवर वळवावे. डोक्याखाली मऊ कपडा ठेवावा, गळ्याचे बटण सैल करावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, लागोपाठ दुसरी आली, किंवा ही आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर १०८ क्रमांकाला फोन करून सरळ दवाखाना गाठावा. डॉक्टरांनी सुरू केलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

शेवटी एवढेच

जबाबदारीची ही साखळी आहे आणि तिच्यात प्रत्येकाची कडी वेगळी आहे. ज्याला धोका ठाऊक आहे आणि तो काढून टाकणे ज्याच्या हातात आहे, त्याची जबाबदारी पहिली. ती बनवणाऱ्याची. धोका लोकांपर्यंत पोहोचवणारा दुसरा, तो विकणारा आणि प्रसारित करणारा. समजल्यावर सावध राहणारे तिसरे, ते आपण. कंपनीचा कागद ही साखळी उलटी करू पाहतो आणि सगळा भार शेवटच्या कडीवर, म्हणजे घरातल्या आईवर टाकतो. टी. व्ही.वाल्यांनी १९९३ आणि १९९८ मध्ये दाखवून दिले की चित्र बदलता येते. मग गेमवाल्यांनाही ते जमले पाहिजे.

तोवर आपण एक काम आजच करू शकतो. आज रात्री मुलगा गेम सुरू करील तेव्हा त्याच्या शेजारी बसावे आणि म्हणावे, "बाळा, थांब. ते बटण दाबू नकोस. काय लिहिलंय ते आधी मला वाचून दाखव." त्याला वाचता आले नाही, अर्थ सांगता आला नाही, तर तो इशारा आपल्यासाठी लिहिलेला नव्हता हे तुमच्या लक्षात येईल. आणि तो आपल्यासाठी, आपल्या भाषेत लिहा, असे कंपनीला ठणकावून सांगण्याचा हक्क आपल्याला आहे, हेही लक्षात येईल.